मध्यम रीतीचे आरमार

होडी घ्यावी, हा ठराव आमच्या घरी एकमताने मंजूर झाला, आणि आमच्या कुटुंबाच्या ज्ञात इतिहासात एकमताने मंजूर झालेला तो पहिला व बहुधा अखेरचा ठराव असावा. त्यास तात्कालिक निमित्त घडले ते इसवणाच्या भावाचे. नोकरीची सारी वर्षे मुंबईच्या एका कचेरीत दप्तरे उघडण्यात आणि मिटण्यात घालवून, सेवानिवृत्तीनंतर मी देवबागच्या अलीकडे कर्ली खाडीच्या काठी असलेल्या वडिलार्जित घरात येऊन राहिलो, तो काही अध्यात्मचिंतनासाठी नव्हे. दारात पाणी आहे तेव्हा ताटात मासा स्वस्त पडेल, एवढीच त्या वानप्रस्थामागील उदात्त प्रेरणा होती. प्रत्यक्षात अनुभव असा आला की, ओट्यावर बसून ज्या होड्या खाडीत शिरताना मला अष्टौप्रहर दिसतात, त्यांतलाच मासा माझ्या ओट्यापर्यंत पोहोचताना वाटेत मालवणच्या बाजाराचा भाव विचारून येतो. एके सकाळी घासाघीस पराकोटीस पोहोचली तेव्हा मासेवालीने पाटी डोक्यावर घेतली आणि जाता जाता खाडीकडे हनुवटी करून ती म्हणाली, "पाणी तुमच्या म्होरच आसा मां? मगे धरा नि खावा."

वास्तविक हा टोमणा होता; आमच्या घरात त्याचा स्वीकार सल्ला म्हणून झाला. त्याच रात्री पंक्तीला विषय निघाला, माझ्या निवृत्तीच्या रकमेतून साठ हजार रुपयांची तरतूद मंजूर झाली, आणि मासेमारी व सहकुटुंब जलविहार या उभय प्रयोजनांस उपयुक्त अशी एक होडी खरेदी करण्यात यावी, असा मजकूर मी जुन्या सवयीने एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर तारीखवार नमूद करून त्याखाली सर्वांच्या सह्या घेतल्या. आत्यांनी अंगठा उठवला. त्यांना सही येते. परंतु खरेदीच्या कागदावर अंगठा अधिक भक्कम, असे त्यांचे मत आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या वाडीतील एका वृद्ध तांडेलांकडे सल्ल्यासाठी गेलो. त्यांचे अवघे आयुष्य पाण्यावर गेलेले. जमिनीवर ते केवळ विडी ओढण्यापुरते येतात.

"होडी कित्याक व्हयी? गरवूक की फिरूक?" त्यांनी विचारले.

"दोन्हीसाठी."

"तर मगे दोन होड्यो घेवा," असे म्हणून त्यांनी काडी ओढली.

या संपूर्ण प्रकरणात मला मिळालेला हा सर्वोत्तम सल्ला होता, आणि तो फुकट मिळालेला असल्यामुळे आम्ही त्याकडे यथोचित दुर्लक्ष केले.

तांडेलांच्या म्हणण्यातील तथ्य हळूहळू उलगडू लागले ते प्रत्येकाने आपापली अपेक्षा वहीत नोंदवल्यावर. माझी स्वतःची अपेक्षा अत्यंत माफक होती: होडी उघडी, बुटकी आणि संथ असावी, तीत बसून गरी पाण्यात सोडावी, तांबोशी किंवा काळुंदर लागेपर्यंत कोणी बोलू नये, आणि ती न लागली तर त्यानंतरही कोणी बोलू नये. आमच्या सौभाग्यवतींनी कळविले की, होडीला छप्पर असावे, पाठ टेकावयास सोय असावी, थर्मास ठेवावयास जागा असावी, आणि मुख्य म्हणजे होडीला मासळीचा वास येता कामा नये. मासे पकडण्याच्या होडीला मासळीचा वास नसावा ही अट तर्कशास्त्राच्या कोणत्या शाखेत बसते, असे मी नम्रपणे विचारले असता, "तुम्ही आधी एखादा मासा पकडा, मग वासाचं पाहू," असे उत्तर मिळाले. चिरंजीवांना वेग हवा होता. कन्येला होडीचा रंग हवा होता. होडी त्या रंगाखाली कोणतीही चालली असती. आत्यांची मागणी सर्वांहून निराळी. लहानपणी म्हणे त्या वडिलांबरोबर होडीतून खाडीने वर वालावलला लक्ष्मीनारायणाच्या दर्शनास गेल्या होत्या, आणि डोळे मिटण्यापूर्वी एकवार तसेच जावे, ही त्यांची इच्छा. इच्छा पुण्यप्रद खरी. परंतु तिचा परिणाम असा झाला की, आमच्या होडीत रविवारी कुर्ल्या आणि सोमवारी देवदर्शनाची तबके, अशी वाटणी करणे प्राप्त झाले. होडीचे सोवळे कसे पाळावे, याविषयी धर्मसिंधूत काही निर्णय आहे का, ते शोधण्याचे काम मजकडे आले.

या सर्वांवर पुण्याचे मेहुणे. आमच्या सौभाग्यवतींचे हे बंधू कोणत्याही विषयात अधिकारवाणीने बोलू शकतात, आणि त्या विषयाचा संबंध न आल्यामुळे त्यांच्या वाणीस कधी अडथळा येत नाही. खडकवासल्यास बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून लाटांचा अभ्यास करणारी सरकारी संशोधनसंस्था आहे, हे खरे. मेहुण्यांचा तिच्याशी संबंध एवढाच की, सिंहगडावर जाताना त्यांची बस तिच्या फाटकावरून जाते. तेवढ्या अनुभवाच्या बळावर त्यांनी दूरध्वनीवरून मला बजावले, "भाऊजी, लांबीला भुलू नका. सगळं रुंदीत असतं. रुंदी भागिले लांबी काढा आणि मला कळवा." तेव्हापासून मी ज्या ज्या होडीपाशी गेलो, त्या त्या होडीची लांबीरुंदी शिंप्याची फीत लावून मोजीत असे आणि किनाऱ्यावरील पोरे माझ्याभोवती जमून, आजोबा होडीला झबले शिवणार आहेत, असे एकमेकांना सांगत असत.

अशा वेळी मनुष्य इतिहासाचा आश्रय करतो. ज्या किनाऱ्यावर 1664 साली सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला, त्याच किनाऱ्यावर आपण एक होडी निवडू शकत नाही, ही गोष्ट माझ्या मनास लागली, आणि मी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र काढून बसलो. 1715च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात अमात्यांनी स्वच्छ सांगून ठेवले आहे की, गुराबा फार मोठ्या नसाव्यात, फार लहानही नसाव्यात, मध्यम रीतीच्या असाव्यात, आणि वाऱ्यावाचून जी हलतच नाहीत अशी अवाढव्य जहाजे निरुपयोगी होत. मध्यमवर्गाला मध्यम आकाराची शिफारस करणारा असा राजमान्य आधार सापडताच मला केवढा हर्ष झाला! मी ते पान सर्वांसमक्ष वाचून दाखविले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मध्यम म्हणजे किती अश्वशक्ती?" सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यांच्या बोटीला छप्पर होतं का ते बघा." अमात्यांना हुकूम फर्मावण्याची सोय होती, हा त्यांच्या आणि माझ्या परिस्थितीतील मूलभूत फरक मला तेव्हा उमजला.

प्रथम आम्ही लाकडी होडीचा विचार केला. खाडीच्या वरच्या अंगाला एका माडाच्या बनात एक उलांडीची होडी पालथी घातलेली होती. मालकाने ती सुलटी केली तेव्हा तिच्या दोन फळ्यांमधून मला पलीकडचा माड, माडाला बांधलेली गाय आणि गाईचे वासरू, इतके सर्व सुस्पष्ट दिसले.

"ही गळणार नाही का?" मी विचारले.

"गळतली नाय तर काय! सुकी पडली आसा ती. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मगे बुडूची नाय."

होडी बुडू नये म्हणून ती आधी बुडवावी लागते, हा सिद्धान्त ऐकून मी क्षणभर अवाक् झालो. पण तांडेलांनी तो खरा असल्याचा निर्वाळा दिला. कोरड्यात राहिलेली फळी आकसते, पाणी प्यायली की फुगते आणि फटी आपोआप बुजतात. म्हणजे होडी पाण्यात ठेवावी तर तिला पोखरणारे किडे लागतात, बाहेर ठेवावी तर ती फुटते. पावसाळ्यापूर्वी ती ओढून वर घ्यावी, तिच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडावेत, उंडीचे तेल पाजावे, वर झावळांची सावली करावी, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा तिची मनधरणी करून तिला पाण्यात न्यावे. हे सर्व ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढी सेवा मी सासूबाईंची केली नाही." आत्यांनी त्यावर काही भाष्य केले नाही, परंतु त्या दिवशी त्या दोन घास कमी जेवल्या.

नवी लाकडी होडी बांधून घ्यावी, असाही एक पर्याय पुढे आला आणि त्यासाठी एका मिस्त्रींना घरी बोलाविले. मिस्त्रींनी चहा घेतला, माझी वही पाहिली, मेहुण्यांचा भागाकार पाहिला, आणि नंतर त्यांची दृष्टी परसातील फणसावर स्थिरावली ती तेथून हलेना. "बरो आसा," ते म्हणाले. फणसाच्या फळ्या होडीला उत्तम, हे सर्वश्रुत आहे. घरचे लाकूड वापरले तर खर्चात बरीच सूट मिळेल, असेही त्यांनी सुचविले. हा फणस आत्यांनी लावलेला. त्या पडवीतून उठल्या, झाडाखाली जाऊन बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी माझ्या फळ्या काढा." मजजवळ आज्ञापत्राची प्रत होतीच. आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या कामी येतात, तथापि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात म्हणून त्यांना हात लावू नये, अशी ताकीद अमात्यांनी त्याच प्रकरणात दिली आहे. ती मी मिस्त्रींस ऐकविली. ते शांतपणे उठले आणि म्हणाले, "तर मगे त्यांकाच विचारा होडी कशी करूची ती."

मग आली फायबरची होडी. साच्यातून काढलेली, किड्यांना अभक्ष्य, तेलाची अपेक्षा न धरणारी आणि उन्हात रंग उडण्यापलीकडे कोणतेही दुखणे नसलेली, असे तिचे वर्णन विक्रेत्याने केले, आणि ते ऐकून आमचे सर्व सभासद प्रथमच एका दिशेने माना हलवू लागले. किंमत चाळीस हजार. मी हर्षभराने वही उघडली.

"यात इंजिन आलं?"

"इंजिन वेगळा."

"वल्ही?"

"वेगळी."

"नांगर?"

"नांगर देतंय मां! दोरी तेवढी वेगळी."

दोरीवाचून नांगर ही वस्तू एकदाच वापरता येते, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर त्याने मला दोरीचा भाव सांगितला. होडीच्या बुडाशी दोन-तीन ठिकाणी रंग किंचित निराळा दिसत होता. तेथे बोट ठेवून कन्येने विचारले, "ही ठिगळं कसली?" तो म्हणाला, "ठिगळां न्हय ती, मजबुती. जंय मजबुती केली थंय होडी परत फुटूची नाय." उरलेल्या जागांविषयी मी विचारणार होतो, तोच तो समुद्राकडे पाहून हवामानाविषयी बोलू लागला. वीस हजारांत मिळणारे इंजिन शोधीत आम्ही नंतर पुष्कळ हिंडलो. एक मिळाले, ते चालू होते असे मालक शपथेवर सांगत होता, मात्र कोणत्या साली, ते त्यास आठवत नव्हते.

रबरी, हवा भरण्याच्या होडीची सूचना चिरंजीवांची. ती घरपोच खोक्यात येते, पायाने पंप मारला की फुगते, काम झाले की घडी घालून कपाटात ठेवता येते. जागेचा प्रश्न नाही, किड्यांचा नाही, फणसाचा तर नाहीच. मी जवळजवळ वश झालो होतो. तांडेलांना चित्र दाखविले तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "कुर्ली गावली तर खंय टाकतल्यात?" होडीतच, मी म्हणालो. "आणि तिका कोण सांगतला, खंय नांगी मारू नको म्हणान?" खाडीतल्या खडकांवर कालवांच्या धारा असतात, त्याही अशा होडीचे आतिथ्य कसे करतील, हे त्यांनी हाताच्या एका हालचालीने दाखविले. चित्र मी परत घेतले.

पर्यटकांना तारकर्लीच्या पाण्यात गरगर फिरवून निवृत्त झालेल्या एका स्पीडबोटीपाशीही आम्ही गेलो होतो. तिच्याविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. तिला छप्पर होते, गाद्या होत्या, रंग होता, वेग होता. सौभाग्यवती, कन्या आणि चिरंजीव एकाच वेळी तीत जाऊन बसले आणि मालकास वाटले की व्यवहार झाला. "पेट्रोल किती खाते?" एवढाच प्रश्न मी विचारला. "पाण्यार ॲव्हरेज ईचारूचा नसता," तो गंभीरपणे म्हणाला. त्या तिघांना खाली उतरविण्यास मला सूर्यास्तापर्यंत वेळ लागला.

दरम्यान, होडी ठरण्यापूर्वीच तिच्या नोंदणीची चौकशी करून ठेवावी, ही माझ्या कचेरीतल्या आयुष्याने लावलेली शिस्त. मच्छीमार नौकांची नोंद एका कचेरीत होते आणि माणसे वाहणाऱ्या नौकांची दुसऱ्या. आमची होडी दोन्हींच्या मध्ये, भर पाण्यात. पहिल्या कचेरीतील कारकुनाने सौजन्याने अर्ज पुढे केला.

"प्रयोजन?"

"मासेमारी. आणि थोडे फिरणे."

"फिरणे म्हणजे मासे शोधत?"

"नाही. उगीचच."

त्याने लेखणी खाली ठेवली. "उगीचच" असा रकाना नव्हता. "बरोबर कोण असणार?"

"कुटुंब."

"त्या खलाशी की प्रवासी?"

"खरे सांगायचे तर तांडेल त्याच आहेत," मी म्हणालो, आणि हा माझा विनोद सरकारी कागदावर जवळजवळ उमटला. त्याने मला दुसऱ्या कचेरीचा पत्ता दिला. तेथील गृहस्थांनी, भाडे घेणार का, असे विचारले. घरच्यांकडून भाडे कसे घेणार, असे मी विचारले. मग गरी कशासाठी, असे त्यांनी विचारले. खाण्यासाठी, असे मी सांगितले. आणि तर मग ही मच्छीमार नौका झाली, असा निकाल देऊन त्यांनी मला सन्मानपूर्वक पहिल्या कचेरीकडे रवाना केले. दोन्ही ठिकाणची माणसे अतिशय सुस्वभावी. दोष असलाच तर आमच्या कुटुंबाचा. त्याचे प्रयोजन आजवर कोणत्याच रकान्यात बसलेले नाही.

परंतु या सर्व विघ्नांहून दुर्धर विघ्न आमच्या स्वयंपाकघरातील भिंतीवर खिळ्याला टांगलेले होते, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. ते म्हणजे पंचांग.

आमच्या घरापुढे ओहोटीला खाडी नसते, चिखल असतो. होडी निघावयाची ती भरतीला आणि परतावयाची तीही पाणी उतरण्यापूर्वी. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. रोज सुमारे पाऊण तास भरती पुढे सरकते. आता चिरंजीवांना सुट्टी रविवारची. ते शनिवारी घरून काम करतात असे म्हणतात, आणि मी त्यात शिरत नाही. रविवारी दुपारच्या उन्हात सौभाग्यवती होडीत पाऊल ठेवणार नाहीत, छप्पर असले तरी नाही. पहाटे कन्या उठत नाही. म्हणजे भरती हवी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान. म्हणजे तिथी हवी एकादशी ते चतुर्दशी. एकादशीला मासळीचे नावही घरात उच्चारता येत नाही. त्रयोदशीला आत्यांचा प्रदोष. चतुर्दशीला त्यांची शिवरात्र, दर महिन्याची. उरली द्वादशी, तर ती पारण्याची, आणि पारण्याच्या दिवशी चुलीवर सार चढविणे म्हणजे आदल्या दिवशीच्या उपवासाचे पुण्य परत करणे. बऱ्याच वाटाघाटींनंतर आत्यांनी द्वादशीपुरती पडवीतील वेगळी चूल, वेगळी भांडी आणि वाऱ्याची दिशा त्यांच्या खोलीकडे नसणे, या तीन अटींवर संमती दिली.

म्हणजे आमची होडी पाण्यात जाणार ती रविवारी द्वादशी येईल तेव्हा. यातूनही पावसाळा वजा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. ती उठली की श्रावण. सारा किनारा नारळी पौर्णिमेला समुद्र उघडण्याची वाट पाहतो, आणि समुद्र उघडलेला असतो तेव्हा आमचे घर बंद असते: श्रावण, त्यामागून गणपती, त्यामागून पितृपक्ष, त्यामागून नवरात्र. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही खऱ्या अर्थाने दर्यावर्दी. मेहुण्यांनी पुण्यात बसून हा हिशेब पुरा केला आणि कळविले की, वर्षाकाठी दोन, फार तर तीन सफरी निघतील. होडीचा खर्च त्यांत वाटला असता पकडलेली तांबोशी, ती पकडली गेली असे गृहीत धरून, मासेवालीच्या इसवणाहून कित्येक पट महाग पडेल. "पण भाऊजी," ते पुढे म्हणाले, "मासळीचा भाव लावून जलविहाराचं मूल्यमापन करायचं नसतं." हे मूल्यमापन त्यांनीच केले होते.

वाचकास वाटेल की, येथे आम्ही होडीचा नाद सोडला असेल. छे! होडी घेण्यातील विलंब हा होडीच्या तयारीसाठी मिळालेला अवधी आहे, असा अर्थ घरातील प्रत्येकाने आपल्या मनाशी लावलेला होता, हे मला वही तपासताना कळले. सौभाग्यवतींनी कुडाळच्या कारागिराकडून पाणी न लागणाऱ्या कापडाच्या, पाठ टेकावयाच्या चार गाद्या शिवून घेतल्या होत्या आणि एक अशी छत्री आणविली होती की, तिच्याखाली साखरपुडा करता यावा. कन्येने घरातील प्रत्येकासाठी मापाप्रमाणे नारिंगी तरणजाकिटे मागविली. आत्यांचे त्यांना इतके आवडले की, थंडीच्या दिवसांत त्या ते पहाटे घालून तुळशीला पाणी घालतात. मेहुण्यांनी पाण्याखालील मासे पडद्यावर दाखविणारे एक विद्युत्‌यंत्र भेट म्हणून पाठविले आणि त्याचे बिल माझ्या नावे केले. मासे ठेवण्यासाठी बर्फाची पेटी आली. तीत दमट हवा शिरत नाही असे आढळून आल्यामुळे सध्या तीत पोह्यांचे पापड आहेत. कन्येच्या पसंतीच्या रंगात, पांढऱ्या अक्षरांनी "श्री लक्ष्मीनारायण प्रसन्न" असे लिहिलेली सागवानी पाटीही तयार होऊन आली. आणि मीही, आता लपवीत नाही, मालवणात एका दुकानात चकचकीत जपानी चक्री लावलेली एक गळकाठी पाहिली होती. ती पाहिल्यानंतर काठीला गुंडाळलेल्या साध्या गरीकडे परतणे माझ्या वयाच्या माणसास शोभले नसते.

साठ हजारांपैकी शिल्लक पाच हजार शंभर. ती घेऊन मी तांडेलांकडे गेलो आणि एवढ्यात काय मिळेल, असे विचारले. त्यांनी नोटा मोजल्या, परत दिल्या आणि म्हणाले, "ह्येच्यात वल्ही बरी गावतली."

वल्ही खरोखरच उत्तम मिळाली. पडवीत भिंतीला टेकवून ठेवली आहेत.

तरी सुज्ञ वाचकांस विनंती अशी की, आपणांपैकी कोणा सद्गृहस्थापाशी मध्यम रीतीची होडी असेल, परंतु गाद्या, छत्री, तरणजाकिटे, बर्फाची पेटी, गळकाठी, वल्ही आणि नावाची पाटी यांची वाण असेल, तर त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे. आमच्याकडील सामग्री संपूर्ण व न वापरलेली आहे, आणि रविवारी द्वादशी येत असल्यास आम्ही सहकुटुंब, आत्यांसह, नऊच्या भरतीला काठावर हजर राहू.